प्रवचनात गुलाबजामुन

माझी पुण्यातली नोकरी गेली ती समोसे खाता खाता. मंदीचं साल होतं. सकाळीच सगळ्यांना खालच्या हॉलमध्ये बोलावलं, हातात कागदी बश्या दिल्या, आणि पहिला समोसा संपायच्या आत साहेबांनी सांगितलं की कंपनी बंद होते आहे. कोणी रडलं, कोणी फोन लावायला बाहेर पळालं. मी आणखी एक समोसा घेतला आणि दुसऱ्या दिवशी गोंदियाच्या गाडीत बसले.

दवनीवाड्याला घरी पोचले तेव्हा धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, चालू होता आणि कोणालाच माझ्याकडे बघायला वेळ नव्हता. चुरणा संपल्यावर बाबांनी पहिल्यांदाच विचारलं, "तू तिकडं करत काय होतीस?"

मी सांगितलं, "मोठमोठ्या डिस्कांच्या पेट्या असतात. त्यांच्याशी बोलायच्या कंप्युटरच्या दोन वेगळ्या पद्धती असतात. एकीचं दुसरीला कळत नाही. मी मधला दुभाषा लिहायचे."

"म्हन्जे भाषांतर," आई म्हणाली.

"तसंच काहीसं."

"मंग पुस्तकं कुठी हायेत?"

तेव्हापासून शेजारीपाजारी आई मला भाषांतर करणारी म्हणूनच सांगू लागली. शेजारच्या एका बाईंनी तर त्यांच्या सुनेला आलेलं इंग्रजी पत्रक माझ्याकडे आणून दिलं. ते वॉशिंग मशीनचं होतं. मी केलं भाषांतर. दुसरं काही कामही नव्हतं.

अशात मामाजींचा फोन आला. मामाजी म्हणजे आईचे धाकटे भाऊ. ते गोंदियात लोकल केबल चॅनल चालवायचे, शिवाय लग्नांचं शूटिंग करायचे.

"बाई, मी नागपूरवरून एक पेटी आनली," ते म्हणाले. "एका बंद पडलेल्या ऑफिसचा माल होता. लय डिस्का हायेत तिच्यात. आपल्या पूर्या चॅनलचं सामान मावते. फक्त वायरच लागून नाई राहिली."

मी दुसऱ्याच दिवशी गेले. पेटी लहान फ्रिजएवढी होती आणि तिला फक्त काचेच्या तारेची, म्हणजे फायबरची भोकं होती. मामाजींच्या दोन्ही कंप्युटरना साध्या नेटवर्कची वायर. त्यांनी ती वायर फायबरच्या भोकात घालून वरून चिकटपट्टी मारली होती.

"यानं नाही चालणार, मामाजी."

"चिकटपट्टी चांगली वाली लावू का?"

मी हसले नाही, कारण मला आनंद झाला होता. एका बाजूला साधं नेटवर्क, दुसऱ्या बाजूला फायबर, मधे दुभाषा पाहिजे. सगळ्या महाराष्ट्रात मला जे एकच काम येत होतं ते माझ्या मामाच्या घरी चिकटपट्टी लावून पडलेलं होतं.

नागपूरच्या जुन्या मालाच्या बाजारातून एक फायबरचं कार्ड मिळालं. मामाजींच्या माळ्यावरचा जुना कंप्युटर पुसून घेतला, त्यात एका बाजूला ते कार्ड आणि दुसऱ्या बाजूला साधं नेटवर्क बसवलं, आणि मी लिहायला बसले. मामाजी शेजारी स्टूल टाकून बसत. त्यांना सगळं समजून घ्यायचं होतं.

"आता काय करून राहिली?"

"नंबर बदलते आहे. कंप्युटर पेटीला हुकूम देतो ना, त्या प्रत्येक हुकमाला एक नंबर असतो. कंप्युटर म्हणतो, हा हुकूम नंबर अमुक, मला एवढा व्हिडिओ वाचून दे. पेटी म्हणते, घे, नंबर अमुकचं उत्तर. एकाच वेळी ढीगभर हुकूम चालू असतात, उत्तरं पुढंमागं येतात. नंबरावरूनच कळतं, कोणतं उत्तर कशाचं."

"मंग जाऊ दे ना तोच नंबर तिकडं. बदलून कायले राहिली?"

"तिकडच्या रकान्यात इकडचा मोठा नंबर मावत नाही. आणि तुमचे कंप्युटर दोन. दोघंही आपापल्या मनानं नंबर देतात. दोघांनीही सात नंबर दिला तर पेटीनं काय समजायचं?"

मामाजींनी थोडा विचार केला. मग त्यांचा चेहरा उजळला. "धानगिरनीवानी! दवनीवाड्याच्या पोत्यावर बी सात, बाजूच्या काटी गावच्या पोत्यावर बी सात. मंग गिरनीवाला आपल्या खडूनं आपला नंबर टाकते, अन् तांदूळ निंगाला का ज्याचा त्याले देते."

"अगदी बरोबर."

"म्हन्जे तू इतकी वर्षं पुन्यात गिरनी चालवून राहिली होती!"

त्यांनी ताबडतोब आईला फोन लावला आणि आमच्या पोवारी बोलीतून सांगितलं की पोरगी पुस्तकंबिस्तकं काही लिहीत नव्हती, गिरणीचं काम करत होती. आईला शेजाऱ्यांपुढे ते सावरायला फार जड गेलं.

दुभाषा चालला. पेटीचे दिवे लुकलुकले. मामी नारळ घेऊन आल्या आणि पेटीवरच फोडायला निघाल्या. मी आडवी आले म्हणून ते पाणी पंख्यात न जाता माझ्या ओढणीवर गेलं.

आता मामींबद्दल सांगायला हवं. पुढच्या खोलीतला कंप्युटर चॅनल वाजवायचा, आणि मागच्या खोलीतल्या कंप्युटरवर मामी लग्नाचे व्हिडिओ एडिट करायच्या. गोंदियात त्यांच्या हाताला तोड नव्हती. नवरीचा फोटो कमळातून उमलायचा, नवरदेव गुलाबाच्या पाकळ्यांतून प्रकट व्हायचा, आणि वरमालेच्या क्षणी पत्त्यांतल्यासारखं एक मोठं लाल बदाम फुटून त्यातून शंभर छोटे बदाम उडायचे. हे फुटणारं बदाम लावलं की पेटीचा पंखा विमानासारखा ओरडायचा, कारण त्यासाठी मामींचा कंप्युटर एका दमात ढीगभर हुकूम सोडायचा.

पहिली गडबड मामींनाच दिसली. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. त्यांचा आवाज बदलला होता.

"हे पाह्य वो. मी काई केलं नाई."

पडद्यावर एका राइस मिलवाल्यांच्या मुलीचं लग्न चालू होतं. नवरीनं हार उचलला, नवरदेवानं मान वाकवली, बदाम फुटलं, आणि एकदम दोन-तीन सेकंद गुरुजी दिसले. हात वर केलेला, डोळे अर्धे मिटलेले. म्हणाले, "...हे सर्व क्षणभंगुर आहे." मग परत बदाम उडायला लागले.

गुरुजी म्हणजे आमच्या चॅनलचा मानाचा माणूस. निवृत्त हेडमास्तर, पांढरं धोतर, गळ्यात मरून रंगाचा मफलर. रोज सकाळी त्यांचं प्रवचन लागायचं, आणि तेच दुपारी पुन्हा. त्या महिन्यात विषय होता जिभेवरचा संयम. अर्ध्या गोंदियाचा चहा त्यांच्या प्रवचनावर व्हायचा, आणि कित्येक घरांत त्यांच्यामुळे साखर बंद झाली होती. स्वतः गुरुजींना शुगर होती. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, घरातला गूळसुद्धा कुलपात ठेवला होता.

"एडिट करताना चुकून आलं असेल," मी मामींना म्हणाले.

"मी चुकून नाई करत," मामी म्हणाल्या, आणि ते खरं होतं.

मला तेव्हाच संशय यायला हवा होता, पण तेवढ्यात लोडशेडिंग झालं आणि मी चहा प्यायला गेले. मामींनी तेवढा तुकडा काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मामाजी पुढच्या खोलीत बसलो होतो. टीव्हीवर गुरुजींचं प्रवचन चालू होतं. मागच्या खोलीत मामी बदाम फोडत होत्या.

"ज्याने जीभ जिंकली," गुरुजी म्हणाले, "त्याने जग..."

आणि पडद्यावर त्याच राइस मिलवाल्यांकडच्या लग्नाची पंगत आली. पंगतीत गुरुजी. तेच धोतर, तोच मफलर. समोर गुलाबजामुनची वाटी. त्यांनी एक आख्खा गुलाबजामुन चमच्यानं उचलला, डोळे मिटले आणि तोंडात टाकला. गाल फुगला.

"...जिंकले," गुरुजी म्हणाले, आणि प्रवचन पुढे चालू झालं.

मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, मी मामाजींकडे. तेवढ्यात फोन वाजला. मग दुसरा वाजला. एक गृहस्थ विचारत होते की गुलाबजामुनवालं पुन्हा किती वाजता लागेल. एका बाईंना वाटलं होतं की ती मिठाईच्या दुकानाची जाहिरात आहे, आणि इतकी चांगली जाहिरात त्यांनी आजवर पाहिली नव्हती.

दुपारच्या पुनर्प्रक्षेपणाच्या वेळी मी टीव्हीसमोरून हलले नाही. गुलाबजामुन आला नाही. त्याऐवजी "इंद्रियांचे घोडे आवरा" या वाक्यानंतर गुरुजी तोंडात रुमाल धरून बँडसमोर नागीण नाचताना दिसले.

काकू संध्याकाळ व्हायच्या आत आल्या. उंचपुऱ्या बाई, हातात छत्री. थंडीत छत्री कशाला, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. मागून गुरुजी आले.

"वहिनी," काकू मामींना म्हणाल्या, "तो सीन मले पुन्हा दाखवा."

"अगं, तो मी नाही," गुरुजी म्हणाले. "आजकाल कंप्युटरवर कोनाचंही तोंड कोनालेही लावते. विचार या पोरीले."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "लावता येतं."

"अन् मफलर?" काकूंनी विचारलं. "तो मी विनला. त्याच्या टोकाशी माझा टाका चुकला आहे. तो चुकलेला टाका बी कंप्युटरनं लावला काय?"

मामींनी मुकाट्यानं पंगत लावली. काकूंनी चष्मा लावून तीन वेळा पाहिली आणि म्हणाल्या, "मले तर सांगितलं का लग्नात फक्त ताक पेलो." मग मामाजींकडे वळल्या. "भाऊजी, हे असंच चालू राहू द्या. रोज पाह्यते मी."

मामाजींनाही तेच हवं होतं. त्यांचं चॅनल इतक्या लोकांनी कधीच पाहिलं नव्हतं. पानठेल्यावर, भाजीबाजारात, सगळीकडे एकच चर्चा होती की आज प्रवचनात गुरुजी काय खातील.

"राहू दे ना बाई तो बिघाड," ते मला म्हणाले. "कोनाचं नुकसान करून राहिला?"

ज्यांचं नुकसान होत होतं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठलं. गुरुजींनी आधी खाली-वर पाहिलं, मग हळूच विचारलं, "बेटा, त्या लग्नात जिलेबीचं वेगळं टेबल होतं. ते आलं का बाहेर?"

"अजून नाही, गुरुजी."

"अन् आइस्क्रीम?"

"तेही नाही."

"मंग लवकर दुरुस्त कर माय," ते म्हणाले.

म्हणून मी शोधायला बसले. खरं सांगायचं तर मला गुरुजींपेक्षा जास्त राग त्या पेटीचा आला होता. माझ्या दुभाष्यात उत्तर भलत्याला जात होतं, आणि ते का जातं हे मला कळत नव्हतं.

मी दुभाष्याच्या पडद्यावर प्रत्येक हुकूम येता-जाता छापायची सोय केली. मामींना सांगितलं, बदाम फोडत राहा. मामाजींना टीव्हीसमोर बसवलं आणि सांगितलं, लग्न दिसलं की ओरडा, म्हणजे त्या क्षणी माझ्या पडद्यावर काय चाललं आहे ते मला पाहता येईल.

"काय ओरडू?"

"काहीही."

मामी बदाम फोडू लागल्या, पेटीचा पंखा ओरडू लागला, आणि थोड्या वेळानं मामाजी गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "गुलाबजामुन!"

मी खूण केली. परत बदाम. परत "गुलाबजामुन!" चारपाच वेळा असं झाल्यावर दारात माणसं जमली. एक आजोबा डबा घेऊन आले होते. गल्लीत बातमी गेली होती की केबलवाल्याकडे गुलाबजामुन वाटून राहिले. नाही म्हटल्यावर ते नाराज झाले, पण परत गेले नाहीत. आत येऊन टीव्हीसमोर बसले, आणि मामाजींच्या बरोबरीनं तेही ओरडू लागले.

त्या गोंधळात मला ते दिसलं. प्रत्येक ओरडण्याच्या जरा आधी माझ्या पडद्यावर एक ओळ यायची: हुकूम रद्द.

झालं असं होतं. बदाम फुटलं की पेटीवर फार ताण यायचा आणि उत्तराला उशीर व्हायचा. मामींचा कंप्युटर वाट पाहून कंटाळायचा, म्हणायचा, राहू दे, रद्द. माझा दुभाषा तत्परतेनं त्या हुकमाचा छोटा नंबर पुसायचा आणि मोकळा झाला म्हणून लगेच पुढच्या हुकमाला द्यायचा. पुढचा हुकूम बहुधा प्रवचनाचा असायचा. इकडे ती जुनी पेटी इतकी सुस्त, की रद्द झालेल्या हुकमाचंही उत्तर काढून पाठवायची. नंबर तोच. दुभाषा पाहायचा, हा नंबर आता कोणाचा, प्रवचनाचा, आणि पंगत प्रवचनात नेऊन ओतायचा. कधी प्रवचनाचा हुकूम रद्द झाला की उलटं व्हायचं, आणि गुरुजी वरमालेत उगवायचे.

मी ते मामाजींना सांगितलं, अर्थात गिरणीच्या भाषेत. "काटीवाला म्हणाला, राहू द्या, मी चाललो. गिरणीवाल्यानं त्याचा नंबर पुसून दवनीवाड्याच्या पोत्यावर टाकला. पण काटीचं धान आधीच यंत्रात होतं."

"मंग काटीचा तांदूळ दवनीवाड्याले."

"हो."

"बेकार गिरनी हाय मंग," मामाजी म्हणाले. मला ते लागलं, कारण गिरणी माझी होती.

उपाय सोपा होता. हुकूम रद्द झाला तरी त्याचा नंबर लगेच मोकळा करायचा नाही. तो बाजूला अडकवून ठेवायचा, पेटीला रद्द केल्याचं कळवायचं, आणि पेटी स्वतः "हो, सोडला" म्हणेपर्यंत तो कोणालाच द्यायचा नाही. मधल्या काळात त्या नंबराचं उत्तर आलंच तर फेकून द्यायचं. शिवाय दरवेळी सगळ्यात पहिला मोकळा नंबर देण्याऐवजी ओळीनं पुढचा पुढचा द्यायचा, म्हणजे वापरलेला नंबर परत यायला वेळ लागतो. मी लिहायला बसले. मामाजी बाजूला सुतकी चेहऱ्यानं बसले होते.

"एक दिवस थांबली असती," ते म्हणाले. "उद्या जिलेबी आली असती."

दुरुस्ती झाल्यावर मामींनी माझ्यासाठी खास परीक्षा घेतली. एकाच वेळी सगळी बदामं, सगळ्या पाकळ्या, सगळी कमळं लावली. पंखा असा किंचाळला की पेटीवरची अगरबत्ती विझली. मामाजी आणि डबेवाले आजोबा टीव्हीला डोळे लावून बसले. प्रवचन सुरू झालं, संपलं. पंगत नाही, नागीण नाही, काही नाही.

"बोर हाय," आजोबा म्हणाले आणि डबा उचलून गेले.

पण गोष्ट इथं थांबली नाही. काकू घरी टीव्हीसमोर बसून होत्या. दोन दिवस काहीच आलं नाही तेव्हा त्यांना वाटलं, गुरुजींनी मामाजींना फितवलं. त्यांनी सरळ मामाजींकडे येऊन मामींकडून त्या लग्नाची पूर्ण सीडी मागून घेतली. गुरुजींनी रात्रंदिवस ज्याची धास्ती घेतली होती ती जिलेबी, ते आइस्क्रीम, सगळं त्यांनी घरी आरामात पाहिलं. दुभाष्यातली चूक मी काढली, पण गुरुजींना काही वाचवू शकले नाही.

त्यानंतरच्या सोमवारी गुरुजी नवीन प्रवचन रेकॉर्ड करायला आले. काकू कॅमेऱ्यामागे खुर्ची टाकून बसल्या. गुरुजींनी मफलर नीट केला, घसा खाकरला आणि म्हणाले, "संयमाबद्दल मी पुष्कळ बोललो. आज खोटेपणाबद्दल बोलतो, कारण त्याचा मला ताजा अनुभव आहे."

आणि मग त्या माणसानं काय सांगितलं! लग्नात आधी ताकाचा ग्लास हातात कसा धरावा, म्हणजे लोकांना तोच दिसतो. पंगतीत वाढप्यांशी ओळख कशी ठेवावी. पाक मिशीला लागला तर रुमाल नाचाच्या निमित्तानं तोंडात कसा धरावा. कॅमेरा धरलेले मामाजी हसून इतके हलले की अर्धं रेकॉर्डिंग भूकंप झाल्यासारखं आलं. काकू हसल्या नाहीत, पण छत्री मात्र त्यांनी खाली ठेवली. "रोज सकाळी माझ्यासंगं फिरायले यायचं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि गुरुजींनी ते कॅमेऱ्यासमोरच कबूल केलं.

ते प्रवचन गोंदियात इतकं गाजलं की मामाजींनी ते आठवडाभर लावलं. राइस मिलवाल्यांचाही फोन आला. मामींच्या नजरेतून सुटलेला एक तुकडा त्यांच्या सीडीत राहिला होता: मुलीच्या पाठवणीत मधेच गुरुजी येऊन "रडू नका, आत्मा अमर आहे" म्हणून जात होते. मामाजी माफी मागायला लागले, तर ते म्हणाले, "नाई हो, तेवढं एकच पाहून आमी सगळे हसलो, नाईतर पाठवनी पाहवत नाई."

उन्हाळ्याच्या आधी मला हैदराबादला नोकरी लागली. तीच पेट्यांची. मुलाखतीत मधल्या काळात काय केलं असं विचारलं तेव्हा मी गोंदियाचा दुभाषा समजावून सांगितला. मुलाखत घेणाऱ्यांतले एक साहेब वही मिटून पुढे झुकले आणि म्हणाले, रद्द झालेल्या हुकमाचं उशिरा आलेलं उत्तर पकडणं फार अवघड असतं, आमची माणसं महिनोन्महिने शोधतात, तुम्ही कोणतं उपकरण वापरलं?

मी क्षणभर विचार केला आणि खरं तेच सांगितलं. "मामा," मी म्हणाले.

ते साहेब मान डोलवून म्हणाले, "हे मी ऐकलेलं नाही. नवीन आहे काय?"